टकटकमास्तरांचा कान

भिंतीला कापड चिकटवलं की भिंत मजबूत होते, हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मास्तर पोट धरधरून हसले होते. तेव्हा त्यांना मास्तर कुणी म्हणत नव्हतं. विटकाम करणारा एक चांगला गवंडी, एवढीच त्यांची ओळख. "मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात, ते ठाऊक आहे," ते म्हणाले होते. "आता भिंतीलाही घाला, आणि गळ्यात झोळी बांधून महिनाभर घरी बसवा तिला!"

पण गावाला भूकंपाचा एक चांगलाच हिसका बसून गेला होता आणि हसण्याचे दिवस संपले होते. नव्या इमारती त्यात तगल्या. जुन्या, जाड विटांच्या इमारती मात्र कोपऱ्याकोपऱ्यातून उलल्या. विटेची भिंत डोक्यावर सांगाल तेवढं ओझं घेते, पण बाजूने कुणी ढकललं की तिचा धीर सुटतो. म्हणून मग हे नवं काम आलं. आधी भिंतीचा गिलावा काढायचा, विटा उघड्या करायच्या, सांधे भरायचे, धूळ पार पुसून काढायची. त्यावर काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून लावायचं आणि रोलर फिरवून विटेला घट्ट बसवायचं. दिवसभरात ते वाळून कडक होतं आणि सगळी भिंत मुठीत धरल्यासारखी एकत्र राहते. पुढच्या वेळी हिसका बसला तर भिंतीला तडे जातील, पण ती माणसांच्या अंगावर येणार नाही.

अट एकच. कापडाने विटेला सगळीकडे धरलं पाहिजे. मध्ये कुठे हवा राहिली, धूळ राहिली, तर तिथे कापड नुसतं पांघरल्यासारखं असतं. आणि ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वरून सगळं सारखंच चकचकीत. ती ऐकावी लागते. लहानशी गोल तोंडाची हातोडी घेऊन वितीवितीवर टकटक करत जायचं. नीट चिकटलेलं असेल तर आवाज खणखणीत येतो. पोकळी असेल तर बद्द, फुटक्या मडक्यासारखा.

या कामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. हात कसला, कान! खोलीच्या एका टोकाला चहा पीत बसलेले असताना दुसऱ्या टोकाला कुणाचं कोपर भिंतीला लागलं, तर ते कप खाली न ठेवता म्हणत, "तिथे बघा रे, पोकळ आहे." आणि तिथे पोकळ असायचं. मग खडूने गोल करायचा, त्या जागी बारीक भोक पाडून सुईने आत रेझिन भरायचं, पुन्हा वाजवायचं. गवंड्याचे असे टकटकमास्तर झाले. पुढे टकटक गळून नुसते मास्तर राहिले, पण त्या शब्दात टकटक होतीच.

कामावरच्या इंजिनिअर मॅडम नव्या होत्या तेव्हा भिंत वाजवायला मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं. "डोळे मिटा मॅडम. डोळे उघडे असले की कान आळशी होतो." मॅडम डोळे मिटून ऐकायच्या आणि दहातल्या आठ वेळा चुकायच्या. पुढे त्या मोठ्या झाल्या, अनेक कामं त्यांच्या हाताखाली चालू लागली, पण भिंतीचा शेवटचा निकाल मास्तरांचाच. कापड लावणाऱ्या टोळीचा प्रमुख होता मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा अबोल, कामात चोख. तोही मास्तरांच्या खडूपुढे कधी ब्र काढत नसे.

आणि मग तो कान जायला लागला.

एका दिवसात गेला नाही. दिवाणखान्यातल्या दिव्याचं तेल संपावं तसा कमी कमी होत गेला. आधी शिट्ट्या गेल्या. कुकर बंद पडलाय, असं मास्तर म्हणाले, आणि बायको म्हणाली, "चार शिट्ट्या झाल्या की." मग दाराची घंटा गेली. मग लोक पुटपुटायला लागले आहेत, असं त्यांना वाटू लागलं. आजकाल कुणी धड तोंड उघडून बोलतच नाही! वर्षानुवर्षं विटा कापायच्या यंत्राशेजारी उभं राहून काम केलेलं. कानात बोळे घालायला सांगत, पण मास्तर म्हणत, "कान झाकले तर खाऊ काय?"

डावा कान जवळजवळ गेला आणि उजवाही त्याच्या वाटेला लागला, हे त्यांना कळलं एका शाळेच्या भिंतीपाशी. त्यांनी टकटक केली आणि सगळी भिंत एकाच आवाजात बोलली. खणखणीतही नाही, बद्दही नाही. नुसतं टक, टक, टक, लांबून कुणीतरी दार वाजवावं तसं. मागे मॅडम उभ्या होत्या. "काय म्हणते भिंत, मास्तर?" त्यांनी विचारलं असावं. मास्तरांनी चेहरा गंभीर केला, मान हलवली आणि अंदाजाने दोन ठिकाणी खडूचे गोल काढले.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगणार? वजनकाटेवाल्याने वजन कळत नाही म्हणावं, तसंच ते. घरी निघताना त्यांनी ठरवलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. मास्तर मूठ झाकून फिरू लागले.

युक्त्या सापडत गेल्या. एका हाताने ठोकताना दुसऱ्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची, पोकळी असेल तर बोटांना किंचित थरथर लागते. निदान लागते असं ते स्वतःला सांगत. कुणी काही बोललं की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी "हं" म्हणायचं. आणि आणखी एक गोष्ट होती. भिंतीवर कुठे कुठे पेन्सिलीचे बारीक ठिपके दिसायचे, मोहरीएवढे. मोजमाप घेताना पोरांनी काढले असतील, असं मास्तर म्हणत. कुणाला म्हणत? स्वतःलाच. त्या ठिपक्यापाशी ठोकलं की बोटांना थरथर जास्त लागायची. मास्तर तिथे खडूचा गोल काढत. भोक पाडलं की आत पोकळी सापडायची. पुन्हा सगळे म्हणत, मास्तर ते मास्तर. शिवाय एखादा गोल ते बिनठिपक्याच्या जागीही काढत, आपल्या मनाचा म्हणून. तिथे काही निघत नसे, चांगल्या कापडाला उगाच भोक पडे. मेहुणा ते भोक मुकाट बुजवून टाकी.

ठिपके कोण काढतं, हा प्रश्न मास्तरांनी स्वतःला कधी विचारला नाही. उत्तर ऐकू आलं असतं म्हणून.

असं दीडदोन वर्षं चाललं. मग काम आलं बाळंतिणींच्या हॉस्पिटलचं.

जुनी दुमजली इमारत, उंच छत, रुंद जिने. हॉस्पिटल बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून एकेक वॉर्ड रिकामा करून काम चाललं होतं. भिंतीच्या या बाजूला कापड लागायचं आणि पलीकडच्या बाजूला नुकतीच जन्मलेली बाळं रडायची. टोळीतली माणसं दबक्या पावलांनी वावरत, मोठ्याने बोलत नसत. मास्तरांच्या पथ्यावर पडलं. सगळेच खुणांनी बोलत होते.

पाळण्यांच्या खोलीची लांब भिंत आली तेव्हा मेहुणा रजेवर होता. त्याच्या आईच्या, म्हणजे मास्तरांच्या सासूबाईंच्या, एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याच्या मागे टोळीने भिंत केली. घाई होती, सिस्टर सारख्या येऊन विचारत होत्या, खोली कधी परत मिळेल. कापड वाळल्यावर मास्तर हातोडी घेऊन भिंतीपुढे उभे राहिले.

या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही ठिपका नव्हता.

मास्तरांना हायसं वाटलं. ते भिंतभर ठोकत गेले, बोटं टेकवत गेले, मध्ये दोनदा थांबून मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. शेवटी आपल्या मनाचा एक गोल काढला, बरं दिसावं म्हणून. "एवढं भरा. बाकी भिंत सोन्यासारखी आहे," ते म्हणाले. खोली परत गेली. पाळणे पुन्हा भिंतीशी लागले.

पुढच्या आठवड्यात मेहुणा कामावर आला. त्याच भिंतीत दाराच्या कडेला थोडी भोकं पाडून तंतूंचे जाड पीळ आत बसवायचे राहिले होते, कापड कडेने सुटू नये म्हणून. ते त्याने केलं. आणि त्यानंतर मॅडम ओढून बघायची तपासणी करायला आल्या. ही तपासणी प्रत्येक कामात एकदा व्हायचीच. कापडावर रुपयाएवढी लोखंडी चकती चिकटवायची, तिच्या भोवती कापड गोल कापायचं, आणि छोट्या यंत्राची मूठ फिरवत चकती ओढायची. काम चांगलं असेल तर कापड सुटत नाही, शेवटी विटेचाच टवका घेऊन चकती निघते.

चकती अशी निघाली, जशी बरणीवरची चिठ्ठी निघावी. यंत्राचा काटा जेमतेम हलला होता. कापडाच्या पाठीला विटेची लाल भुकटी लागली होती, बाकी काही नाही. मॅडमनी दुसरी लावली. तीही तशीच. तिसरी.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मास्तरांकडे तोंड वळवलं आणि मास्तरांना त्यांचे ओठ स्वच्छ दिसले. "मास्तर, ही भिंत तुम्ही वाजवली होती ना?"

"वाजवली होती," मास्तर म्हणाले.

"कशी होती?"

इथे एक क्षण होता. मास्तरांना तो नंतर फार वेळा आठवला. तो लहान नव्हता, त्यात माणूस मावला असता.

"भरीव होती," ते म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. मास्तर म्हणतात ना, मग झालं. भिंत तेव्हा चांगली होती, म्हणजे नंतर कुणीतरी बिघडवली. नंतर भिंतीला हात लागला होता फक्त मेहुण्याचा. "दाराशी भोकं पाडताना तुम्ही ड्रिल हातोडीच्या कळीवर लावून चालवलं," त्या मेहुण्याला म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं, कापड लावल्यावर नुसतं फिरवायचं, ठोकायचं नाही. हादऱ्याने विटेची भुकटी झाली आणि अख्खं कापड सुटलं. या भिंतीखाली पाळणे आहेत, कळतंय का तुम्हाला?"

"नाही मॅडम. हातोडीवर नव्हतं लावलं."

"मग काय मास्तर खोटं बोलतात?"

मेहुण्याने मास्तरांकडे पाहिलं. नजर रागाची असती तरी परवडलं असतं. ती कीव होती. मग त्याने मान खाली घातली आणि हातमोजे काढायला लागला. मॅडमनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सिस्टर दारातून पाहत होत्या, टोळीतली माणसं पाहत होती. मेहुण्याने हातमोजे एकावर एक ठेवले, रिकाम्या डब्यावर नीट ठेवून दिले आणि जिना उतरून गेला. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कानाने दगा दिला होता, हे खरं. पण जिभेचं काय? ती तर धडधाकट होती.

घरी पोचले तेव्हा सासूबाई डोळ्याला हिरवी पट्टी लावून पलंगावर बसल्या होत्या. ऑपरेशननंतर काही दिवस त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, यावरून मास्तरांना कळलं की बातमी त्यांच्याआधी पोचली आहे.

"माझ्या भावाला काढलं," ती म्हणाली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा सुटा करून.

"मॅडमनी काढलं. ड्रिल जरा..."

"अहो, पुरे." तिने भाजी बाजूला सारली. "दोन वर्षं झाली, मी जेवताना, बसताना, चालताना तुमच्या उजव्या हाताला असते. ते काय लग्न नवं आहे म्हणून? डाव्या कानाने तुम्हाला ढगांचा गडगडाट ऐकू येत नाही आणि उजव्याने बायकोचा. मला ठाऊक आहे. पोरीला ठाऊक आहे. शेजारणीला ठाऊक आहे, ती घंटा वाजवत नाही, दार बडवते!"

मास्तर चपला काढायला लागले.

"आणि धाकट्याला तर सगळ्यात आधी कळलं. रोज सकाळी तुमच्याआधी जाऊन तो सगळी भिंत वाजवतो. बद्द लागलं की ठिपका काढून ठेवतो. भावोजींची अब्रू राहिली पाहिजे म्हणाला. तुम्हाला ठिपके दिसत नव्हते?"

"दिसत होते," मास्तर म्हणाले. आवाज किती निघाला हे त्यांना कळलं नाही, पण बायकोला ऐकू गेलं.

"मग?"

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते उगाच नाही. माणसाला खरंच खालच्या फरशीकडे बघत राहावंसं वाटतं. ज्याने दोन वर्षं आपली लाज झाकली, त्याच्याच अंगावरचं पांघरूण आपण ओढून घेतलं होतं. ठिपका नाही म्हणजे पोकळी नाही, असं मानून पाळण्यांची भिंत आपण पास केली होती. म्हणजे ठिपक्यांचा भरवसा आपल्याला होता. म्हणजे ठिपके कशाचे ते आपल्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"त्याने मॅडमना सांगितलं का नाही?" मास्तरांनी विचारलं.

बायकोऐवजी सासूबाईच बोलल्या. "जावईबापू, सांगायचं काम त्याचं होतं की तुमचं?" त्या पट्टी नसलेल्या डोळ्याने बघत होत्या. एकच डोळा, पण दोन डोळ्यांचं काम करत होता.

सकाळी मास्तर हॉस्पिटलात गेले ते हातोडी घरी ठेवून. पाळणे पुन्हा बाहेर काढले होते, व्हरांड्यात ओळीने लावले होते. मॅडम सिस्टरशी बोलत होत्या. मास्तरांनी आदल्या संध्याकाळी वाक्यं जुळवून ठेवली होती. वय झालं, यंत्रांचा आवाज, हळूहळू लक्षात आलं, वगैरे. मॅडमसमोर उभं राहिल्यावर त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "ती भिंत मी पास केली, पण मला काहीच ऐकू आलं नव्हतं. भरीव होती हे मी खोटं बोललो. त्याच्या ड्रिलने काही झालेलं नाही."

मॅडमना आधी वाटलं, मेहुण्याला वाचवायला मास्तर अंगावर घेताहेत. "मास्तर, नातं बाजूला ठेवा," त्या हसून म्हणाल्या. ते हसणं मास्तरांना शिवीपेक्षा लागलं. इतका विश्वास! खरं सांगूनही खोटं ठरावं इतका.

"मॅडम, पाठ करून उभा राहतो. तुम्ही वाजवा. भरीव कुठलं आणि बद्द कुठलं, मी सांगतो."

मॅडमनी वाजवलं. चकती निघालेल्या जागेच्या बाजूला, मग पलीकडच्या जुन्या, चांगल्या भिंतीवर, मग पुन्हा इकडे. मास्तर व्हरांड्यातल्या पाळण्यांकडे बघत उभे राहिले आणि वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सुरू करताय ना?"

वळून पाहिलं तर मॅडम हातोडी खाली करून उभ्या होत्या. टोळीतली माणसं जमिनीकडे पाहत होती. एका सिस्टरने तोंडावर हात ठेवला होता.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं. हे मास्तरांनी ओठांवरून वाचलं.

"शाळेच्या कामापासून."

मॅडम रागावल्या. आरडाओरडा केला असता तर बरं, पण त्यांनी तसं केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर माणसांना त्या खोल्यांत झोपवलं." मग हातोडी खाली ठेवत, "आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर घालवलं." मास्तरांच्या लाजेत आता मॅडमची लाजही मिसळली होती, आणि तीही मास्तरांचीच कमाई होती.

मेहुण्याला परत बोलावलं गेलं. मॅडम स्वतः त्याच्या घरी गेल्या. तो आला, पण मास्तरांशी बोलला नाही. हातोडी आता त्याच्याकडे दिली. ते कापड सोलून काढलं तेव्हा आतली धूळ सगळ्यांना दिसली. घाईत टोळीने विटा नुसत्या झाडल्या होत्या, पुसल्या नव्हत्या.

आणि मग मॅडम म्हणाल्या, शाळेच्या कामापासूनच्या सगळ्या इमारती पुन्हा वाजवायच्या. प्रत्येक ठिकाणी जायचं, खोल्या उघडून घ्यायच्या. कारण विचारतील. "कारण तुम्ही सांगायचं, मास्तर."

पहिल्या ठिकाणी, शाळेत, मास्तरांनी नुसता नमस्कार केला. मुख्याध्यापिका वाट बघत राहिल्या. शेवटी मेहुण्यानेच "नेहमीची तपासणी आहे" म्हणून वेळ मारून नेली. बाहेर पडल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "आता शेवटचं, भावोजी. यापुढे मी झाकणार नाही."

दुसरी इमारत होती पोस्टाची. साहेब आत होते, दारावर म्हातारा वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. मास्तर पुढे झाले. मनाचा हिय्या करून, हळू आवाजात म्हणाले, "भिंत पुन्हा तपासायची आहे. मागच्या वेळी मला ऐकू येत नव्हतं."

वॉचमनने कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"मला ऐकू येत नव्हतं."

"मलाही नाही येत. मोठ्यांदा बोला!"

"मागच्या वेळी! भिंत वाजवली तेव्हा! मला ऐकू येत नव्हतं!"

"कोणाला?"

"मला! मी बहिरा आहे! बहिरा असून भिंत पास केली!"

खिडकीपुढची अख्खी रांग वळून बघू लागली. तिकिटावर शिक्का मारणारा हात वरच्या वर थांबला. रस्त्यावरून जाणारी सायकलही थांबली. वॉचमनला आता नीट ऐकू गेलं होतं. त्याने मास्तरांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, "अहो, मग ओरडताय कशाला?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मेहुण्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने, मास्तरांना कळलं नाही. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हसण्याचं नव्हतं. पण तिसऱ्या ठिकाणी, आणि त्यापुढेही, त्यांनीच सांगितलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सवय होईल. झाली नाही. कुणी सहानुभूती दाखवली, कुणी दार आपटलं, एका बाईंनी तर विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं आहेत का हो?" मास्तर म्हणाले, आहेत. बाईंना तेवढंच विचारायचं होतं.

भिंती बहुतेक चांगल्या निघाल्या. मेहुण्याने दोन वर्षं ठिपके काढून ठेवले होते, त्याचं ते फळ. त्याच्या आधीच्या एका रजेतली आणखी एक भिंत खराब निघाली, एका ग्रंथालयाची. तीही सोलून पुन्हा केली. कुणाला इजा झाली नाही. लोक म्हणाले, मास्तर, देवाने वाचवलं. मास्तरांना ठाऊक होतं, वाचवणारा देव नव्हता. तो शेजारी हातोडी घेऊन उभा होता आणि त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता.

मॅडमनी मास्तरांना कामावरून काढलं नाही, पण भिंतीचा निकाल कायमचा काढून घेतला. मेहुण्याच्या टोळीत धूळ पुसायचं काम दिलं. ब्रश, फडकं, पाठीवर धूळ ओढायचं यंत्र. ज्या टोळीपुढे मास्तर खडू घेऊन फिरत, तिच्यातच आता ते खाली बसून विटांचे सांधे पुसतात. काम नीट करतात. पहिल्या आठवड्यात मेहुण्याने दोनदा परत पुसायला लावलं, तेव्हा कानशिलं तापली. पण परत पुसलं.

कानाला यंत्र बसवलं आहे. बायको आता कुठल्याही बाजूला बसते. यंत्राने बोलणं कळतं, कुकर कळतो, पण भरीव आणि बद्द यांतला फरक काही परत आला नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिली होती. मग लगेच इकडेतिकडे पाहून फडकं उचललं.

परवा सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वेळी मास्तर घेऊन गेले, मेहुणा कामावर राहिला. दवाखान्यात गर्दी होती, यंत्रात नुसता गलका भरला होता. सासूबाईंना आत नेलं. पेशंटच्या माणसाला नाव पुकारून बोलावतील, असं सांगून सिस्टर निघून गेली. मास्तर थोडा वेळ दाराकडे टक लावून बसले. मग शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंकडे वळले. मान आपोआप खाली गेली होती, ती त्यांनी वर केली.

"जरा ऐकता का? आमच्या सासूबाईंचं नाव पुकारलं की मला सांगाल? मला कमी ऐकू येतं."

बाई म्हणाल्या, "सांगते की. नाव काय?"

मास्तरांनी नाव सांगितलं आणि भिंतीला टेकून बसले.